गोड्या पाण्यातील मासा, खाऱ्या पाण्यातील गळ



दिव्य कुरआनच्या सूरह फातिरमधील बाराव्या आयतीत अल्लाह दोन पाण्यांचा उल्लेख करतो. एक पाणी गोड, तहान भागवणारे, घशाखाली सहज उतरणारे. दुसरे खारट, कडवट. ही दोन्ही पाणी सारखी नाहीत, असे सांगून लगेच मानवाला आठवण दिली जाते की, दोन्हींमधून तुम्हाला ताजे मांस मिळते, अलंकार मिळतात, त्यांच्या पाठीवरून तुमची जहाजे जातात, आणि हे सर्व तुम्ही कृतज्ञ व्हावे म्हणून आहे. भोकरदनसारख्या समुद्रापासून खूप आत वसलेल्या गावात ही आयत वाचताना आपले लक्ष साहजिकच पहिल्या पाण्यावर थांबते. दुसरे पाणी आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात एकदाच, हजच्या प्रवासात विमानाच्या खिडकीतून पाहिलेले असते. मात्र गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी ही दोन्ही पाणी माझ्या बहिणीच्या अंगणात, निळ्या प्लास्टिकच्या एका पिंपात एकत्र येऊन उभी राहिली.

माझा भाचा रत्नागिरीकडे एका कारखान्यात नोकरीला आहे. पाच वक्त नमाजचा पाबंद, आईला दर महिन्याला पैसे पाठवणारा, स्वभावाने शांत. सुटीच्या दिवशी खाडीच्या मुखाशी गळ टाकून बसण्याचा छंद त्याला तिकडच्या मित्रांमुळे जडला. ईदला आला तेव्हा केळनेच्या पात्रात पाणी असे उरलेच नव्हते. कुठे कुठे डोह तेवढे होते. त्याने तालुक्यातल्या एका तलावावरून तीस-चाळीस लहान चिलापी जिवंत आणल्या, पिंपात सोडल्या आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीतून पिंप रत्नागिरीला न्यायचे होते.

"एवढ्या लहान माशांचे काय करणार?" मी विचारले.

"मामू, हे खायला नाहीत. जिताड्यासाठी आहेत," तो म्हणाला. "पाठीवरच्या पंखाखालून गळ असा घालायचा की कण्याला लागणार नाही. मग चिलापी लवकर मरत नाही, तडफडत राहते. ती तडफड पाण्यात दूरपर्यंत जाते आणि जिताडा तिच्यावरच येतो. मेलेल्या आमिषाकडे तो ढुंकूनही पाहत नाही, असे आमचे लोक म्हणतात."

हे सांगताना त्याच्या स्वरात क्रूरता मुळीच नव्हती. एखादा कारागीर आपल्या हत्याराविषयी सांगतो तसे तो सांगत होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला आणि म्हणाला, "मामू, मासा तर हलाल आहे ना? मग यात काय बिघडले?"

मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. इशाच्या नमाजनंतर बोलू, एवढेच म्हटले. उत्तर न देण्याचे एक कारण असे की, प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा होता. दुसरे कारण सांगताना मला संकोच वाटतो. मी स्वतः बारा-तेरा वर्षांचा असताना केळनेच्या काठी मरळ पकडण्यासाठी जिवंत बेडकी गळाला टोचलेली आहे. तिचे पाय पाण्यात हलत असत, आणि ते हलणे थांबले की आम्ही दुसरी लावत असू. त्या वेळी कोणी आम्हाला हटकले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका वैद्याने औषधात बेडूक वापरण्याविषयी विचारले असता त्यांनी बेडूक मारण्यास मनाई केली, ही अबू दाऊदमधील हदीस माझ्या वाचनात फार उशिरा आली.

भाच्याच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, आणि आपल्या घराघरांत ते असेच गुंतलेले असतात. ताटात आलेला मासा हलाल आहे काय, हा एक प्रश्न. तो ताटात येईपर्यंत आपण जे केले ते अल्लाहला आवडणारे आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सूरह माइदाच्या शहाण्णवाव्या आयतीने पाण्यातील शिकार आणि तिचे अन्न वैध ठरवले आहे, एहरामच्या अवस्थेतील माणसालाही. समुद्राच्या पाण्याविषयी विचारणा झाली तेव्हा त्याचे पाणी पवित्र आणि त्यातील मृत वैध, असा निर्वाळा प्रेषितांनी (स.) दिल्याचे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीनशे सहाबा किनाऱ्याकडे गेले होते. शिधा संपला, झाडांची पाने खाण्याची वेळ आली, तेव्हा समुद्राने एक प्रचंड मासा किनाऱ्यावर टाकला आणि त्यावर त्यांनी कित्येक दिवस काढले. मदीनेत परतल्यावर प्रेषितांनी (स.) त्यातील उरलेला भाग मागून घेऊन स्वतः खाल्ला, हे हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेले आहे. मासेमारी हा हलाल उद्योग आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी मुस्लीम समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगला आहे आणि आपल्या भागात भोई बांधव तलाव-नद्यांवर जगतात. त्यांच्या कष्टाला कमी लेखण्याचा येथे लवमात्र हेतू नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी कुरआनातील माशांचीच एक घटना पाहू. सूरह आराफच्या एकशे त्रेसष्टाव्या आयतीत समुद्रकिनाऱ्यावरील एका वस्तीचा प्रसंग आहे. त्या लोकांना शनिवारी शिकार करण्यास मनाई होती, आणि परीक्षा अशी की, नेमक्या शनिवारीच मासे पाण्यावर उघड उघड येत. इतर दिवशी येत नसत. भाष्यकार लिहितात की, त्यांनी युक्ती काढली. आधीच खाचरे व जाळी मांडून ठेवायची, शनिवारी मासे अडकू द्यायचे आणि रविवारी जाऊन उचलायचे. आता पाहा, त्यांनी खाल्लेला मासा कोणता होता? जो इतर दिवशी हलाल होता तोच. माशात दोष नव्हता, दोष होता तो मिळवण्याच्या रीतीत आणि त्या रीतीवर पांघरूण घालणाऱ्या चतुराईत. "मासा तर हलाल आहे ना?" हे वाक्य त्या वस्तीतील लोकही म्हणू शकले असते.

माझ्या भाच्याचे कृत्य त्या वस्तीच्या अवज्ञेइतके आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे स्पष्ट आज्ञेचा भंग होता, येथे अजाणता घडणारी गोष्ट आहे. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, वस्तू वैध असली तरी ती मिळवण्याच्या रीतीचा हिशेब वेगळा मांडला जातो.

मग त्या रीतीविषयी आपल्याला काय सांगितले आहे? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. काही मुलांनी कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरला होता. ते पाहून हजरत अनस (रजि.) म्हणाले की, प्राण्यांना असे बांधून, रोखून धरून मारण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांच्यासमोर असाच प्रसंग आला, तेव्हा त्यांनी सांगितले की, ज्यात प्राण आहे अशा कोणत्याही वस्तूला निशाण बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. येथे 'ज्यात प्राण आहे' हे शब्द लक्षात घ्यावेत. कोंबडी, पक्षी, शेळी अशी यादी दिलेली नाही. अट फक्त प्राणाची आहे. पिंपातली बोटभर चिलापी त्या अटीत बसते.

हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची मुस्लिममधील हदीस आपल्यापैकी बहुतेकांना बकरी ईदच्या खुतब्यातून माहीत असते. अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणे, अनिवार्य केले आहे; जनावर कापायचे असेल तर सुरी धारदार करावी आणि त्याला आराम द्यावा, असा तिचा आशय. आपण ही हदीस वर्षातून एकदा, सुरीला धार लावणाऱ्याकडे रांग लागलेली असताना आठवतो. पण तिची सुरुवात 'प्रत्येक बाबतीत' या शब्दांनी होते. शरीअतने जनावराचा जीव घेण्याची परवानगी दिली. त्या परवानगीच्या पोटात वेदना कमीत कमी ठेवण्याची जबाबदारीही ठेवली. जबीहामध्ये वेदना टाळता येत नाही तेवढीच उरते.

जिवंत आमिषाचे नेमके उलट आहे. तेथे वेदना हेच साधन असते. मासा तडफडला पाहिजे, अधिक काळ तडफडला पाहिजे, म्हणूनच गळ कण्याला न लागेल असा घालायचा. तो लवकर मेला तर मासेमाराचे नुकसान! मला भाच्याच्या बोलण्यातील हीच गोष्ट रात्रभर टोचत राहिली. कसाई जनावराला त्रास देण्यासाठी पैसे घेत नाही. त्रास कमी झाला तर त्याचे काही बिघडत नाही. येथे मात्र त्रास कमी झाला की काम बिघडते.

आणि त्यात भर पडते ती दोन पाण्यांची. आपण सूरह फातिरच्या आयतीपासून सुरुवात केली ती एवढ्यासाठीच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. माशाच्या शरीरातील द्रवांत त्याच्या साधारण एक तृतीयांश. गोड्या पाण्यातील माशाची सारी रचना एका दिशेची असते: बाहेरचे पाणी सतत शरीरात शिरते, तो ते बाहेर टाकत राहतो आणि मोलाचे क्षार धरून ठेवतो. तोच मासा एकाएकी समुद्रात टाकला की दिशा उलटते. आता शरीरातले पाणी बाहेर ओढले जाऊ लागते. चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि त्यात तो आतून सुकत जातो! कटला, रोहू अशा माशांना ही अवस्था फार काळ सोसवत नाही. चिलापी काटक जात आहे. हळूहळू सवय केली तर ती खारेपणही सोसते. पण पिंपातून काढून, गळाला टोचून, एका फेकीत खाडीत पडलेल्या माशाला हळूहळू सवय कोण करून देणार? सूरह फुर्कानच्या त्रेपन्नाव्या आयतीत अल्लाहने या दोन पाण्यांमध्ये एक आडपडदा ठेवल्याचे सांगितले आहे. त्या आयतीचा हा अर्थ नव्हे, हे मला ठाऊक आहे, आणि कुरआनच्या आयती विज्ञानाच्या प्रत्येक गोष्टीला चिकटवण्याची जी घाई अलीकडे दिसते ती मला पटत नाही. तरीही ती आयत वाचताना मला आता ते पिंप आठवते.

इशानंतर आम्ही दोघे बसलो. भाचा तयारीने आला होता. त्याने पहिला मुद्दा मांडला की, माशाला वेदना होतच नाहीत. तो ओरडत नाही, रडत नाही. मी त्याला सांगितले की, २००३ मध्ये ब्रिटनमधील लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले, आणि ओठाला दाहक द्रव टोचल्यावर त्या माशांनी खाणे बंद केले, ओठ तळाच्या खड्यांवर घासले, असेही नोंदवले. माशाचे दुःख माणसाच्या दुःखासारखे असते काय, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण आपल्याला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सूरह अनआमच्या अडतिसाव्या आयतीनुसार जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव आपल्यासारखेच समुदाय आहेत. ओरडता येत नाही त्याला दुःख नाही, असे म्हणू लागलो तर आपल्या घरातील तान्ह्या, आजारी आणि मुक्या माणसांचे काय होईल?

दुसरा मुद्दा त्याने असा मांडला की, मोठा मासा लहान माशाला खातोच. हा तर निसर्ग आहे. खातो, हे खरे. जिताड्याने चिलापी गिळली तर जिताड्याला कोणी जाब विचारणार नाही. जाब बुद्धी आणि निवडीचे स्वातंत्र्य मिळालेल्यालाच द्यावा लागतो. शिवाय मोकळ्या पाण्यात चिलापीला पळण्याची संधी असते. गळाला टोचलेल्या चिलापीला ती नसते, आणि ती आपण काढून घेतलेली असते.

तिसरा मुद्दा मात्र अवघड होता आणि त्याचे उत्तर देताना मी अडखळलो. "जाळ्यात अडकलेला मासाही तडफडूनच मरतो, मामू. मग तो कसा चालतो?" त्याचे म्हणणे खोटे नाही. माशाला जबीहाची अट नाही, ही शरीअतने दिलेली सवलत आहे, आणि पाण्याबाहेर काढल्यावर तो तडफडतो हे प्रेषितांच्या (स.) काळीही सर्वांना दिसत होते. जे अल्लाहने वैध केले ते अधिक दयेच्या नावाखाली अवैध करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण सवलत मिळाली म्हणून एहसानची आज्ञा रद्द झाली असेही नाही. जेथे हातात आहे तेथे वेदना कमी करावी, आणि जेथे केवळ आपल्या सोयीसाठी वेदना लांबवली जाते तेथे हात आखडावा, एवढाच माझा आग्रह आहे.

हा माझ्या एकट्याच्या मनाचा हळवेपणा नव्हे, हे सांगण्यासाठी मी त्याला जुने ग्रंथ दाखवले. हम्बली फिकहचे थोर विद्वान इब्ने कुदामा (रह.), ज्यांचे निधन हिजरी ६२० मध्ये झाले, आपल्या 'अल-मुग्नी' या ग्रंथात शिकारीच्या प्रकरणात इमाम अहमद बिन हम्बल (रह.) यांचे मत नोंदवतात. जिवंत गांडुळांनी, किंवा ज्यात प्राण आहे अशा कोणत्याही जिवाने शिकार करणे इमाम साहेबांनी नापसंत केले, कारण त्यात जिवाचा छळ होतो. पक्ष्याचे डोळे शिवून किंवा त्याला बांधून दुसरे पक्षी पकडण्याची रीत त्या काळी होती. तीही त्यांनी याच कारणाने नापसंत केली. जाळे आणि फासा यांवर त्यांनी हरकत घेतली नाही. आणि नापसंत मार्गाने शिकार केलीच, तर शिकार मात्र वैध राहते, हेही तेथेच नमूद आहे. म्हणजे भाच्याच्या दोन प्रश्नांची गाठ त्या विद्वानांनी आठशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवली होती.

आपण मराठवाड्यातील बहुसंख्य लोक हनफी मसलकाचे. हनफी ग्रंथांत ससाण्याला जिवंत पक्षी देऊन शिकार शिकवणे मकरूह म्हटले आहे, कापलेला पक्षी देऊन शिकवण्यास हरकत नाही. आपल्या उपखंडातील मुफ्ती साहेबांना गळाच्या आमिषाविषयी विचारले असता त्यांचेही उत्तर याच वळणाचे असते: जिवंत किडा किंवा मासा टोचू नये, आधी मारून घ्यावा, मग लावावा, पकडलेला मासा हलाल आहे.

भाचा हे वाचत असताना मी त्याला आणखी एक गोष्ट विचारली. "जिताडा पकडल्यावर तुम्ही त्याचे काय करता?" तो म्हणाला, कधी खातो, कधी फोटो काढून परत सोडतो. येथे मला अधिक काळजी वाटली. नसाईमधील हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, चिमणी किंवा तिच्याहून मोठा जीव हक्कावाचून मारणाऱ्याला अल्लाह त्याविषयी विचारील, आणि हक्क काय, तर कापून खाणे, डोके उडवून फेकून देणे नव्हे. एका फोटोसाठी एक चिलापी तासभर गळावर आणि एक जिताडा जखमी होऊन परत पाण्यात! पोटासाठी जाळे टाकणारा कोळी आणि मजेसाठी गळ टाकणारा नोकरदार यांचा हिशेब एकच कसा असेल? आपल्या देशाचा कायदाही येथे फरक करतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज प्रत्येक सजीव, अशी व्याख्या आहे, आणि निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून अडकवून ठेवणे हा त्यात गुन्हा मानला आहे. जर्मनी आणि स्कॉटलंडमध्ये तर जिवंत मासा आमिष म्हणून लावण्यासच बंदी आहे. ज्या गोष्टीवर आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वी बोट ठेवले गेले, ती इतरांनी कायद्यात आणावी आणि आपण 'मासा तर हलाल आहे' म्हणून मोकळे व्हावे, हे मला बरे वाटत नाही.

उरलेल्या आमिषाविषयीही थोडे. दिवसअखेर पिंपात वाचलेले मासे लोक दयेपोटी जवळच्या ओढ्यात, तळ्यात सोडून देतात. ती दया उपयोगाची नसते. चिलापी मुळात आपली नव्हेच. आफ्रिकेतील ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि शिरली त्या अनेक तलावांत तिने मूळच्या माशांना मागे सारले. एका जलाशयातील मासा दुसऱ्यात सोडणे म्हणजे त्याबरोबर त्याचे रोग आणि त्याची भूकही सोडणे. सुधारणा झालेल्या पृथ्वीवर बिघाड माजवू नका, असा जो आदेश सूरह आराफच्या छप्पन्नाव्या आयतीत आहे, त्याच्या कक्षेत मी हेही मोजतो.

परंतु त्या परकी माशाविषयीही एक गोष्ट ऐकून ठेवा. चिलापीची मादी आपली अंडी तोंडात घेऊन उबवते. पिले बाहेर आली तरी धोका जाणवताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. या काळात ती जवळजवळ काही खात नाही. भाच्याला हे माहीत होते. त्याने पिंपात अशी एक मादी पाहिलीही होती. तेव्हा मी त्याला हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग ऐकवला. प्रवासात सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली. ती पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) आले, त्यांनी विचारले की, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले, आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. भाचा काही बोलला नाही. उठून अंगणात गेला आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पिंपात पाहत राहिला.

या लेखाचा विषय गळ टाकणाऱ्यांपुरता आहे, असे माता-भगिनींनी समजू नये. आठवडी बाजारात मरळ जिवंत मिळते. ती निसटू नये म्हणून विक्रेता राखेत घोळवतो आणि ती हलत असतानाच खवले काढू लागतो. आपण पिशवी धरून उभे असतो. "आधी डोक्यावर मारून घ्या, मग साफ करा," एवढे म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणून पाहिले आहे. विक्रेता हसतो, पण ऐकतो. घरी जिवंत मासा आणला असेल तर त्याला विळीवर धरण्यापूर्वी किंवा चुलीजवळ नेण्यापूर्वी तो मेल्याची खात्री करावी. आणि मुलांना गळ द्यायचाच असेल तर कणकेचा गोळा द्या. चिलापी आणि खवली मासा त्यावर उत्तम लागतो, हे भोकरदनच्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा.

खाडीसाठी मेलेली कोळंबी आहे, तारलीचे किंवा बांगड्याचे तुकडे आहेत, हलणारी कृत्रिम आमिषे बाजारात मिळतात. मासे कमी लागतील, कदाचित बरेच कमी लागतील. ते मी भाच्यापासून लपवले नाही.

पहाटे फजरला निघालो तेव्हा पिंप अंगणात नव्हते. तो आणि त्याचा मित्र मोटारसायकलवर मध्ये धरून ते घेऊन गेले होते, ज्या तलावातून चिलापी आणल्या त्याच तलावाकडे. उजाडल्यावर परतला तेव्हा पिंपाच्या तळाशी तीन मेलेल्या होत्या. दाटीने आणि उष्म्याने रात्रीत गेल्या असाव्यात. बहिणीने विचारले, "भाईजान, या चालतील का? की फेकू?" हनफी मसलकात आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा खात नाहीत, मात्र उष्णता, थंडी, कोंडून ठेवणे अशा कारणाने मेला तर तो वैध राहतो, हे मी तिला सांगितले. तिने त्या हळद-मीठ लावून ठेवल्या आणि दुपारी तळल्या. काट्याच्या होत्या, पण आम्ही सर्वांनी वाटून खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून त्याचा फोन आला. कोळंबीवर दोन रविवार बसला होता. जिताडा आला नव्हता, एक शिंगाळा तेवढा लागला होता. मित्र हसतात म्हणाला. मग त्याने विचारले, "मामू, कोळंबीच्या बाबतीत आपल्याकडे मतभेद आहे ना? ती खाण्याचा. आमिषाला लावली तर काही हरकत?"

हरकत नाही, मी म्हणालो, मेलेली असेल तर.